मुंग्या संपेस्तोवर

"घाई असन त दुसरीकडं जा, बाबा."

हे वाक्य मी प्लायवूडच्या अलीकडे बसून इतक्या वेळा ऐकलं आहे की कोणी घाई करू लागलं की आता ते माझ्याच तोंडातून बाहेर पडतं. वाक्य ज्यांचं होतं त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आख्खं आरमोरी त्यांना चाचा म्हणायचं आणि त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्याच रेशनकार्डाची झेरॉक्स काढताना.

बसस्टँडजवळच्या गल्लीत आमचं दुकान. दुकान एकच, पण मालकाने मधोमध प्लायवूड ठोकून त्याची दोन केलेली. डावीकडे मी: टायपिंग, झेरॉक्स, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. माझं गिऱ्हाईक पायात भिंगरी बांधूनच यायचं. "बाई, साहेब उठून जाते, करा ना पटकन!" आणि उजवीकडे चाचा, लोकांच्या लग्नाच्या जुन्या सीड्यांवरून नव्या डीव्हीड्या करून देणारे. तिथे कोणालाच कुठे जायचं नसायचं. गेलेली लग्नं ती, त्यांना कशाची घाई?

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी एका लग्नाच्या तीन सीड्या असायच्या. पहिलीत हळद, दुसरीत लग्न, तिसरीत पंगत आणि रडारड. मग नवे प्लेअर आले, जुन्या सीड्या त्यात अडकायला लागल्या, आणि लोकांना कळलं की ते सगळं एकाच डीव्हीडीत मावतं. झालं! वडसा, वैरागड, कुरखेडा, जिकडून तिकडून लोक पिशवीत लग्न घेऊन चाचांकडे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आता साफ दिसन ना जी?"

"कपातला चहा मोठ्या गंजात ओतला म्हनून गंजभर होते का?" चाचा विचारायचे. "जेवढं आहे तेवढंच राहीन. सांडनार नाई, एवढी माही जिम्मेदारी."

त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'लग्न, नामकरण, वाढदिवस. जुन्या सीडीची डीव्हीडी करून मिळेल.' त्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरात, 'पूर्ण पाहावी लागेल.'

ही गंमत नव्हती. सीडी देऊन संध्याकाळी डीव्हीडी घेऊन जावं, हा प्रकारच चाचांकडे नव्हता. घरातलं कोणीतरी, शक्यतो म्हातारं, समोर बसायचं आणि आख्खं लग्न चाचांबरोबर पाहायचं. अडीच तास तर अडीच तास. मधे उठायचं नाही, पळवायचं नाही. "मशीन काय पाहते? मशीनले मानूस दिसत नाई," असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरवर किती टक्के काम झालं ते दाखवणारी पट्टी असते ना, तिच्यावर त्यांनी कागद चिकटवून ठेवला होता. टक्क्याकडे पाहत बसलं की काम थांबतं, असा त्यांचा ठाम विश्वास. मी एकदा तो कागद काढला, तर त्याच वेळी लाईन गेली. कागद मीच परत चिकटवला.

आता प्लायवूडला कान नसतात हे खरं, पण आवाज मात्र तो अडवत नाही. दिवसभर माझ्या डोक्यावर सनई, बँड, आणि माईकवाल्याचं "हॅलो, हॅलो". एकदा वैरागडच्या एका म्हाताऱ्याचं प्रतिज्ञापत्र मी टाईप करत होते. पलीकडे माईकवाला जोरात होता. मी शेवटची ओळ टाईप केली, काढलं, म्हाताऱ्याने अंगठा केला, गेला. दुसऱ्या दिवशी कचेरीतले बाबू स्वतः कागद घेऊन दुकानात आले. त्यात लिहिलं होतं, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा असून जेवणाची दुसरी पंगत बसत आहे, पाहुणे मंडळींनी लाभ घ्यावा.'

मी तणतणत पलीकडे गेले. "चाचा, आवाज कमी करा, नाहीतर मी प्लायवूडला आग लावते!" चाचांनी तो कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "याची एक झेरॉक्स दे ना, बाई." ती झेरॉक्स त्यांच्या भिंतीवर शेवटपर्यंत लावलेली होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सीडी हातात घेतली की ते दारात जाऊन उन्हात धरायचे आणि एक डोळा मिटून पाहायचे. मग साबणाच्या पाण्यात धुणार, आणि चाचींच्या जुन्या ओढणीने मधातून काठाकडे पुसणार. गोल पुसलेलं त्यांना खपत नसे. एका मास्तरांनी घरून सीडीला टूथपेस्ट घासून आणली होती, त्यांना चाचांनी पाऊण तास दात कसे घासावेत यावर ऐकवलं.

त्यांचा दुसरा नियम जास्त विचित्र. सीडी लावण्याआधी ते घरच्यांना विचारायचे, "यातले कोन कोन गेले?" लोक दचकायचे. लग्नाच्या सीडीत असं विचारतात का कोणी? पण मग एकेक नाव निघायचं, आणि चाचा ते कागदावर लिहून घ्यायचे. डीव्हीडी लावली की सुरुवातीला चित्रांची यादी येते, हळदीला जायचं असेल तर इथे दाबा, मंगलाष्टकांना जायचं असेल तर तिथे. बाकीचे दुकानदार तशी यादी करायचे. चाचांच्या यादीत गेलेल्या माणसांचे चेहरे असायचे. आजीच्या चेहऱ्यावर दाबलं की आजी जिथे जिथे दिसते तिथे नेणार. एका नवरीने येऊन गल्लीत तमाशा केला होता. लग्न तिचं, आणि डीव्हीडी लावली तर पहिल्यांदा तिची मोठी आजी मांडवातून कोंबड्या हाकलताना दिसते!

"तू त रोज दिसतं ना आरशात," चाचा तिला म्हणाले. "ते कुठी दिसन आता?"

नवरी पाय आपटत गेली. आठ दिवसांनी तिच्या बापाने येऊन आणखी चार प्रती नेल्या.

आणि तो धानाच्या बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला किस्सा तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आमच्याकडे धान निसवलं, लोंब्या आल्या की पाखरं हाकायला लोक दोरीला चकचकीत काहीबाही बांधतात. जुन्या सीड्या त्यासाठी एकदम बेस. चाचा मोपेडवरून जाताना कोणाच्याही बांधीत सीडी लटकलेली दिसली की गाडी उभी, लुंगी वर, आणि चिखलात. पिशवीत त्यांच्या मशीनमध्ये बिघडलेल्या कोऱ्या चकत्या भरलेल्या असत. लग्नाची सोडायची, बिघडलेली बांधायची. एकदा मी मागे बसले होते. मालक काठी घेऊन धावत आला.

"ओ चाचा! काऊन जी, माह्या बांधीत काय करून राह्यले?"

चाचांनी सीडी उन्हात धरली. "हे वाच. तुह्या मोठ्या बापाच्या पोरीचं लगन आहे हे. मोठा बाप गेला ना तुहा?"

"गेला ना जी, दोन वर्सं झाली."

"आन् तू त्याले चिमन्याइले दाखवून राह्यला. मानसाइले दाखव ना, बे!"

मोठ्या काकाचं नाव निघताच तो बिचारा काठी टाकून तिथेच धुऱ्यावर बसला. चाचांनी त्याला सीडी दिली, वर त्याच्या दोरीला तीन कोऱ्या चकत्या बांधून दिल्या, आणि येताना मला म्हणाले, "पाखराइले काय, त्याइले चमकलं म्हंजे झालं."

आधी चाचा स्वतः लग्नाचं शूटिंग करायचे. तो खांद्यावरचा मोठा कॅमेरा, आणि त्यात कॅसेट. शूटिंग सोडलं ते उजवा खांदा कामातून गेला म्हणून. त्या दिवसांबद्दल विचारलं की एकच वाक्य. "लगनात सगळे जेवते. नवरदेव जेवते, बँडवाला जेवते, कुत्रंही जेवते. एक क्यामेरावाला तेवढा राहून जाते."

पण गल्लीत त्यांची खरी चेष्टा व्हायची ती मुंग्यांवरून. सीड्यांशिवाय त्यांच्याकडे आपल्याच शूटिंगच्या जुन्या कॅसेटी होत्या, पत्र्याची एक पेटी भरून. काम नसलं की ते एक कॅसेट लावायचे. लग्न संपायचं, नवरी गाडीत बसायची, आणि पडद्यावर त्या पांढऱ्या-काळ्या मुंग्या सुरू व्हायच्या, खर्रर्र करत. कोणीही शहाणा माणूस तिथे बंद करेल. चाचा नाही. ते मुंग्यांकडे टक लावून बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कॅसेट पूर्ण संपून खट्ट आवाज येईपर्यंत. पानठेलेवाला ओरडायचा, "चाचा, काय चालू आहे?" मी इकडून सांगायची, "मुंग्यांचं लग्न आहे, भाऊ. अजून अक्षता पडायच्या आहेत." मला वाटायचं म्हातारपण आहे, दुसरं काय!

आता माझ्या आईचं.

माझे बाबा लाल गाडीवर कंडक्टर होते. आरमोरी ते गडचिरोली, दिवसातून चार फेऱ्या. त्यांचा आवाज अख्ख्या रस्त्याला पाठ होता. "पुढं सरका जी, पुढं सरका, मागं मानसं आहेत अजून." ताईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी ते गेले, अचानक, ड्युटीवरून आल्यावर. तेव्हा आमच्या घरात मोबाईल नव्हता. बाबांचे फोटो तीन, आणि आवाज फक्त ताईच्या लग्नाच्या सीडीत. बाबा असताना ती एकदाच, शेजाऱ्यांच्या गलक्यात पाहिलेली; बाबा गेल्यावर कोणी लावली नाही. कोणाची हिंमतच झाली नाही.

मग भावाने नवा प्लेअर आणला आणि आईने एका दुपारी कपाटातून त्या सीड्या काढल्या. तिसरीला तडा गेलेला, पहिल्या दोन नव्या प्लेअरमध्ये चालेनात. आई माझ्या मागे लागली.

"त्याइनं माईकवर भाषन केलं होतं ना, तेवढं काढून दे मले."

"आई, फोटो आहेत ना."

"चेहरा दिसते गं मले. आवाज हरपला. आठवाले बसली का दुसऱ्याच कोनाचा येते. परवा त बातम्यावाल्याचा आला." ती हसली, पण डोळे भरले होते. "असा कसा हरपते गं मानसाचा आवाज? एकोनतीस वर्सं ऐकला मी."

ताईच्या लग्नाचं शूटिंग चाचांनीच केलं होतं. मी आईला दुकानात आणलं. चाचांनी खुर्ची पुसून दिली, सीड्या धुतल्या, पुसल्या, लावल्या. आणि नेहमीचं विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. मी अलीकडे झेरॉक्सपाशी, कान पलीकडे.

हळद झाली. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली ताई, भन्तेजी, सगळं झालं. मग आईचा आवाज आला, "हे पाहा, उभे राह्यले!"

मी प्लायवूडच्या कडेने डोकावले. बाबा पांढरा शर्ट घालून माईकसमोर उभे. त्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि बासरी वाजली. मागून सिनेमातलं गाणं. बाबांचे ओठ हलताहेत, हात हलताहेत, एकदा ते हसतात, एकदा डोळे पुसतात, आणि वरून गाणं.

आई थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, जरा आवाज वाढवा ना."

चाचांनी वाढवला. गाणं मोठ्याने वाजलं.

त्या काळी सगळे असंच करत. सीडी करताना जागोजागी कॅमेऱ्यातला आवाज पुसून टाकायचा आणि त्यावर गाणी चढवायची. गाणी नसली तर लोक म्हणत, शूटिंगवाल्याने काम अर्धवट केलं. चाचा उठून आईसमोर उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे. "बाई, चूक माही आहे. माफी करा."

आई उठली. पदर सावरून निघून गेली. आणि मी? मी झेरॉक्सच्या मशीनमध्ये तोच कागद पुन्हा पुन्हा काढत होते.

कारण चूक चाचांची नव्हतीच. मी वीस वर्षांची होते तेव्हा. ताईच्या लग्नाच्या गाण्यांची यादी करून मीच त्यांच्याकडे गेले होते, मोठ्या तोऱ्यात.

आई गेल्यावर मी पलीकडे गेले. "चाचा, ती यादी माझी होती."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "वहीच्या पानावर आनली होती तू. सतरा गाने. हळदीले हे, वरातीले ते. भाषनासमोर लिवलं होतं, कोनतंही चालन."

कोणतंही चालेल! मी तिथेच स्टुलावर बसून रडले. माझं गिऱ्हाईक अलीकडे "बाई, ओ बाई" करत होतं. चाचांनी प्लायवूडवरून डोकं काढून त्याला सांगितलं, "घाई असन त दुसरीकडं जा, बाबा." माझं गिऱ्हाईक त्यांनी पळवलं ते तेवढं एकदाच.

घरी जाऊन मी आईला खरं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवून म्हणाली, "भाषन लंबंच झालं होतं त्याइचं. ताईच्या सासरचेही जांभया देऊन राह्यले होते. तू एकटी नाई." मग ती आत गेली आणि दिव्याची वेळ झाली तरी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या दुकानाची पाटी उलटी. आत गेले तर पत्र्याची पेटी उघडी, जमिनीवर कॅसेटींचा ढीग, आणि चहाची किटली स्टोव्हवर नुसती वाफ सोडत. चाचा एकेक कॅसेट त्या वाफेवर धरत होते आणि वरची चिठ्ठी नखाने सोलत होते.

हे मला तेव्हा कळलं. खरा आवाज मूळ कॅसेटवरच असायचा, पण कॅसेट महाग, म्हणून लग्नाच्या सीड्या करून दिल्या की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी. एकेका कॅसेटवर सहा-सात नवऱ्या, एकीखाली एक.

"मंग ताईचं लग्न पुसलंच ना, चाचा?"

"भाषन गेलं, बाई. त्याच्यावर दुसरी लगनं चढली, ते कोनी आनू शकत नाई. खोटं कायले सांगू?" त्यांनी एक चिठ्ठी सोलून बाजूला ठेवली. "पन लंब्या लुगड्यावर तोकडं नेसलं त खालून किनार दिसते का नाई? तुह्या बहिनीचं लगन लंबं होतं. माही कॅसेट पुरी भरली होती त्या दिवशी."

ते खरं होतं. ताईचं लग्न लांबलं ते बाबांमुळेच. बाबांनी महिनाभर गाडीत तिकीट देता देता दिसेल त्याला आमंत्रण दिलं होतं. ठाणेगावचे, पोर्ल्याचे, कुठले कुठले प्रवासी आले. तीन पंगतींचा अंदाज, बसल्या पाच. तेव्हा आई बाबांवर केवढी चिडली होती!

आणि मुंग्यांचंही तेव्हाच कळलं. नवं लग्न संपलं की मुंग्या. पण त्यांच्या पुढे कधीकधी जुन्या लग्नाचा उरलेला तुकडा असतो. चाचा इतकी वर्षं तेच पाहत बसायचे, कोणाचं काय उरलं आहे ते. आणि मी अक्षतांचे विनोद करत होते.

चार दिवस किटली उकळत होती. पाचव्या दिवशी चाचा माझ्या काउंटरवर येऊन उभे राहिले. हातात एक कॅसेट, सोललेली. सगळ्यात तळाच्या चिठ्ठीवर अर्धं फाटलेलं ताईचं नाव.

"पाहिलं? आहे काही?" मी ओरडलेच.

"मी कसा पाहीन? घरचे पहिले पाहतील," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम. रविवारी आनतो घरी. आईचे गुडघे दुखते, तिले नको आनू."

"आणि काही नसेल तर?"

"त नसन."

मी चार दिवस आईला काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी सांगितलं, तर तिने ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं. मी म्हणत होते, आई, नसेलही काही, आशा ठेवू नको. ती म्हणाली, "मी कुठी ठेवून राह्यली? लुगडं हवा देऊन राह्यली."

दुपारी चाचा आले. मोपेडच्या मागे कॅसेटचा प्लेअर, चाचींच्या ओढणीने बांधलेला, लहान मुलाला बांधावं तसा. टीव्हीला जोडला. वरचं लग्न सुरू झालं. कोण कुठल्या पाहुण्यांचं, आमच्या ओळखीचं कोणी नाही. भाऊ म्हणाला, पळवा ना चाचा. चाचा म्हणाले फीत जुनी आहे, पळवली तर तुटेल. मग आम्ही सगळे बसलो, परक्यांच्या लग्नात, दीड तास. आईने तर त्या नवरीच्या सासूला नावंही ठेवली.

नवरी गेली. मुंग्या आल्या.

"झालं?" आई म्हणाली.

"बसा, बाई."

मुंग्या. मग एकदम एक ट्रॅक्टर, त्यात रडणारी दुसरीच नवरी, अर्धं मिनिट. पुन्हा मुंग्या. खर्रर्र. भाऊ उठून दारात गेला. मी मनात मोजू लागले, मग मोजायचं सोडून दिलं. आई मुंग्यांकडे टक लावून बसली होती, अगदी चाचांसारखी.

आणि पंगत दिसली. आमच्याच दारातली, आमचाच कडुलिंब. ही पाचवी पंगत, आणि इथे गाणं नव्हतं. भांड्यांचा आवाज, पोरांचा गलका, सगळं खरं. बाबा हातात वरणाची बादली घेऊन वाकलेले.

"घ्या जी, घ्या. लाजू नका. अजून आहे आत."

आईने माझा हात पकडला. इतका घट्ट की बांगडी रुतली.

बाबा वाढत वाढत पुढे आले. मग मान वर करून सरळ आमच्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे.

"ओ क्यामेरावाले भाऊ, तुमी जेवले का? सकाळपासून पाहून राह्यलो, खांद्यावर ते धूड घेऊन उभे आहा. ठेवा ते खाली. पहिले जेवा."

कॅमेऱ्यामागून चाचांचा तरुण आवाज आला, "हौ भाऊ, एवढं होऊ द्या."

"होत राह्यते ते. अन्न थंड होऊन राह्यलं." बाबा जवळ आले, आणखी जवळ, आणि त्यांनी सरळ कॅमेऱ्यावर हात ठेवला. पडदा काळा झाला. काहीच दिसेना. त्या काळोखात बाबांचा आवाज, अगदी कानाशी. "आता झालं ना? चला, उठा, जेवून घ्या."

खट्ट. कॅसेट संपली.

भाऊ दारात पाठमोरा उभा होता. मी रडत होते, लपवत नव्हते. चाचा प्लेअरची वायर उगीच गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

आई म्हणाली, "मंग जेवले का तुमी?"

"जी?"

"त्या दिवशी. हे एवढं म्हनले तुमाले. जेवले का नाई?"

चाचांनी मान खाली घातली. "नवी कॅसेट टाकली, पानावर बसलो, बाई. वरन वाढलं भाऊनं सोता. अन् तेवढ्यात नवरी निंगाली, मले हाका मारल्या. तसाच उठलो."

"म्हंजे उपाशी गेले माह्या घरून."

"तसं म्हनाल त, हौ."

आई गुडघ्यावर हात देऊन उठली. "बसा मंग." आणि आत गेली. भात होता, वरण होतं, वांग्याची भाजी होती. तिने ताट वाढून आणलं आणि चाचांसमोर बसली, ते जेवून उठेपर्यंत. चाचांनी तीनदा भात घेतला. मधे एकदा त्यांना ठसका लागला, तर आई म्हणाली, "सावकाश. घाई असन त दुसरीकडं जा." हे तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मीच सांगितलं असणार.

पुढच्या आठवड्यात चाचांनी डीव्हीडी आणून दिली. मी त्यांना विनवलं होतं, भाषणावरचं ते गाणं तरी काढा, मुकं राहू दे. त्यांनी ऐकलं नाही. "राहू दे. तू वीस वर्साची होती, तेही त्याच्यातच आहे," म्हणाले.

चाचा आता चंद्रपूरला मुलीकडे असतात. दुकानातलं प्लायवूड काढलं, तिथे मोबाईलवाला आला. डीव्हीडीचा प्लेअरही भंगारात गेला आणि तो तुकडा आता आईच्या फोनमध्ये आहे. चाचांचा फोन येतो तेव्हा ते तब्येतीचं विचारत नाहीत. विचारतात, "बाई पूर्ण पाहते ना? मधात बंद नाई करत?"

नाही करत, चाचा. आई थकली आहे आता, जेवायचा कंटाळा करते. मी सांगून ऐकत नाही, भाऊ सांगून ऐकत नाही. मग दुपारी मी फोन तिच्या हातात देते. ती पंगत पाहते, पडदा काळा झाला की फोन कानाला लावते. आणि म्हणते, "हौ जी, बसून राह्यली ना," आणि ताट ओढून घेते.